तेलुगूतलं 'आम्ही' आणि 'आपण' : गुरुवारच्या आत मदत हवी आहे

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. इथे कुणाला तेलुगू येतं का? नेनु, मेमु, मनम्, मा, मना, नाकु, नन्नु, सगळ्याची पार खिचडी झाली आहे डोक्यात. यादी पाठ आहे, तोंड उघडलं की चुकतंच. गेल्या आठवड्यात चारचौघींत एक साधं वाक्य बोलले आणि खोलीभर बायका हसल्या. काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही. गुरुवारी परत त्याच सगळ्यांसमोर जायचंय. कृपया लवकर सांगा, कुठे काय वापरायचं.

पाटी-पेन्सिल
आधी लिपी शिका. माझा अनुभव सांगतो, देवनागरीत लिहून शिकलेली तेलुगू कधीच टिकत नाही. रोज पाच अक्षरं गिरवा, दोन महिन्यांत दुकानांच्या पाट्या वाचाल.

हैदराबादी मावशी
पाटी-पेन्सिल, तिला गुरुवारी बोलायचंय, पाट्या कुठल्या वाचायला सांगताय!
गोदाकाठची, तुम्ही कुठे आहात? तेलंगणात की किनारपट्टीला? ऑफिसात बोलायचंय की घरात? आणि समोर कोण होतं?

शब्दवेडा
मराठी माणसाला हे अजिबात अवघड नाही. हिंदीत 'हम' एकच, इंग्रजीतही एकच शब्द, म्हणून त्या वाटेने शिकणारे अडकतात. आपल्याकडे हा भेद घरचाच आहे. मेमु म्हणजे आम्ही, यात समोरचा धरलेला नाही. मनम् म्हणजे आपण, समोरचा धरून. मा म्हणजे आमचा, मन म्हणजे आपला. 'मना' लिहू नका. शेवटचा अ ऱ्हस्वच आहे, फक्त आपण चिंतेतलं 'मन' म्हणताना न चा पाय मोडतो तसा मोडायचा नाही.

गोदाकाठची
शब्दवेडा, अहो तेच तर केलं मी! 'मन म्हणजे आपला' हे धरूनच बोलले आणि हसं झालं. मावशी, सासर राजमहेंद्रीचं. नणंदेच्या नव्या घराचा गृहप्रवेश आहे गुरुवारी.

चिंचगूळ
राजमहेंद्री! म्हणजे नाशिकहून निघालेली गोदावरी थेट तुमच्या सासरी. जवळच आत्रेयपुरम आहे, तिथली पूतरेकुलू खाल्लीत का? तांदळाचा कागदासारखा पापुद्रा, आत तूप आणि गूळ. येताना नक्की आणा.

सोलापूरकर
आमची तेलुगू विणकरांची घरं पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात आहेत, घरात तेलुगूच बोलतो. ताई, एक सांगतो, 'नेनु वस्तानु' असं पूर्ण बोललात की लगेच पुस्तकी वाटतं. 'नेनु वस्ता' म्हणा. शेवटचा नु सोडून द्या, निम्मं काम झालं.

शब्दवेडा
सोलापूरकर, शिकणाऱ्याला आधी पूर्ण रूप येऊ द्या की. वस्तानु म्हणजे मी येतो, वस्तामु म्हणजे आम्ही येतो. तो नु आणि मु हीच खूण आहे, त्यामुळे सर्वनाम गाळलं तरी चालतं. आज शेपूट तोडलं तर उद्या मी कुठला नि आम्ही कुठला हेच कळणार नाही.

सोलापूरकर
आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

शब्दवेडा
तुम्ही त्यात जन्मलात!

हैदराबादी मावशी
भांडू नका दोघं. बोलताना नु गळतो, कान बसला की आपोआप गळेल. त्यात मराठीपेक्षा सुख हे की येतो-येते नाही, बाई असो की बुवा, 'नेनु वस्तानु'च.
गोदाकाठची, बाई गं, ते वाक्य सांग आधी. ते कळल्याशिवाय आम्ही सगळे अंधारात.

चिंचगूळ
अवांतर: कन्नडमध्ये ही भानगड नाही, 'नावु' एकच. तमिळमध्ये मात्र दोन आहेत. मराठीत हा भेद द्राविडी शेजारामुळेच आला असं बरेच अभ्यासक मानतात.

पाटी-पेन्सिल
काहीतरीच. 'आपण' हा शब्द संस्कृत आत्मन् वरून आलाय, त्यात द्राविडी काय आहे?

चिंचगूळ
शब्द संस्कृताचा, तो असा वापरायची सवय शेजाऱ्यांची. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. गुजरातीतही 'अमे' आणि 'आपणे' आहेत.

गोदाकाठची
मंडळी, धागा कुठे चाललाय? वाक्य सांगते. आतेसासूबाईंनी विचारलं, कुणाबरोबर आलीस? मी म्हटलं, 'नेनु मन आयनतो वच्चानु.' आयन म्हणजे नवरा असं मला सांगितलेलं. मराठीत मी म्हटलंच असतं की, 'मी आपल्या नवऱ्याबरोबर आले.' मग तेलुगूत काय बिघडलं?

हैदराबादी मावशी
अगं बाई. तू आतेसासूबाईंना सांगितलंस, 'मी आपल्या दोघींच्या नवऱ्याबरोबर आले.' म्हणून हसल्या त्या. मनाला लावून घेऊ नकोस, त्यात वाईट काही नव्हतं.

शब्दवेडा
आता कळलं, आणि चूक माझ्या उत्तरातही होती. पाटी-पेन्सिल म्हणाले ते इथे कामाला आलं. 'आपण' आत्मन् वरून आला, म्हणून त्याच्यात 'स्वतः' अजून शिल्लक आहे. मराठीत आपण तीन कामं करतो. 'आपण जाऊ या', समोरच्याला धरून. 'मी आपल्या खोलीत गेले', म्हणजे स्वतःच्या. आणि 'आपण कुठून आलात', आदरार्थी. तेलुगूतलं मनम् यातलं फक्त पहिलं काम करतं. स्वतःचा म्हणायचा असेल तर ना (माझा) किंवा मा. आदराने विचारायचं असेल तर मीरु. मी स्वतः एका वडीलधाऱ्या माणसाला 'मनम् भोंचेशारा' विचारून बसलोय, 'आपण जेवलात का' म्हणून. त्यांना प्रश्नच कळला नाही. 'मीरु भोंचेशारा' हवं होतं.

म्हणून तुमच्यासाठी कसोटी एकच: वाक्यात 'मी आणि तुम्ही, दोघांचं' असं घालून बघा. बसलं तर मन. नाही बसलं तर मन नाही, मराठीत 'आपला' कितीही गोड लागू दे.

गोदाकाठची
बापरे. आत्ता कळलं. पण मग 'ना आयनतो' म्हणायचं का? नवरा तर माझा एकटीचाच आहे.

हैदराबादी मावशी
नाही, 'मा आयन'. घरच्या माणसांना तेलुगूत मा लावतात, बोलणारी एकटी असली तरी. मा अम्म (आई), मा नान्न (वडील), मा अब्बायि (मुलगा), आणि मा इल्लु (घर), मा ऊरु (गाव) सुद्धा. नाव मात्र स्वतःचं, म्हणून ना पेरु. फोन, पेन, तेही ना. आपणही 'आमची आई', 'आमच्या गावाला', 'आमचे हे' म्हणतोच ना? वडीलधाऱ्या बायकांसमोर त्याहून छान 'मा वारु'. वारु म्हणजे आदराचं 'ते', म्हणजे अक्षरशः 'आमचे ते'! वाक्य पाठ कर: 'मा वारितो वच्चानु.' नेनु नाही म्हटलंस तरी चालेल.
आणि पाहुण्यांना बोलावताना 'मा इंटिकि रंडि' (आमच्या घरी या), नवऱ्याशी बोलताना तेच घर 'मन इल्लु'.

सोलापूरकर
मावशींना +१. 'मा वारु'वर सगळ्या बायका खूश होतील, लिहून देतो.

गोदाकाठची
मावशी, डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवस मला वाटत होतं की मी काही अभद्र बोलले. शेवटचं एक, नाकु आणि नन्नु? दोन्ही 'मला'च ना?

शब्दवेडा
दोन्ही मला, आणि मराठी माणूस घसरतो तो इथेच, कारण आपल्याला एकाच 'मला'वर दोन्ही भागवायची सवय. 'मला सांगितलं' म्हणजे 'नाकु चेप्पारु'. 'मला बोलावलं' म्हणजे 'नन्नु पिलिचारु'. काही पोहोचतं, मिळतं, वाटतं तिथे नाकु. क्रिया थेट माझ्यावर होते तिथे नन्नु. अनेकवचनात तेच, माकु चेप्पारु आणि मम्मल्नि पिलिचारु. समोरचा धरून असेल तर मनकु आणि मनल्नि.
नाकुचा उपयोग तर अगदी मराठी वळणाचा आहे. 'नाकु तेलुगु रादु', मला तेलुगू येत नाही. येणे हेच क्रियापद, भाषेसाठी सुद्धा! ताप येतो तोही नाकुच, 'नाकु ज्वरम् वच्चिंदि'. निघताना आपण 'जाते' न म्हणता 'येते' म्हणतो ना, तसं त्यांचं 'वेळ्ळोस्तानु', जाऊन येते.

पाटी-पेन्सिल
हे सगळं लिपीत लिहून ठेवलं असतं तर...

निरंजन७
माझा पण प्रश्न आहे, धाग्यातच विचारतो. 'नेनु टीचर्नि' यातला नि कसला? नि म्हणजे 'ला' ना? मी शिक्षकाला?

शब्दवेडा
दिसायला तसाच, काम वेगळं. तेलुगूत अशा वाक्यात 'आहे' लागत नाही, 'मी'ची खूण नामालाच चिकटते. मी शिक्षक आहे, नेनु टीचर्नि. आम्ही शिक्षक आहोत, मेमु टीचर्लम्. गोदाकाठची, तुम्हालाही उपयोगी: 'मेमु मराठीवाळ्ळम्', आम्ही मराठी माणसं आहोत.

गोदाकाठची
(शुक्रवारी) परत आले. आतेसासूबाई दारातच होत्या, त्यांनी मुद्दाम तोच प्रश्न विचारला. 'मा वारितो वच्चानु' म्हटलं. त्यांनी माझा हात धरला आणि आत नेईपर्यंत सोडला नाही. नन्नु एकदा चुकलं, कुणी हसलं नाही.
पण एक अडलं. आत नेऊन त्यांनी एका बाईंना माझ्याकडे बोट करून सांगितलं, 'मन कोडलु'. कोडलु म्हणजे सून ना? मग मा कोडलु हवं होतं. मीच चुकीचं ऐकलं का?

हैदराबादी मावशी
त्या बाई कोण होत्या?

गोदाकाठची
चुलत सासूबाई.

हैदराबादी मावशी
मग बरोबर ऐकलंस. शेजारीण असती तर मा म्हणाल्या असत्या. घरातल्याच बाईला सांगत होत्या, आपली सून म्हणून.