दुसरा आखाडा: तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलात?

माझ्या वयाच्या मराठी पोरांना कुस्ती दोन ठिकाणी भेटली. एक गावच्या जत्रेतल्या फडात आणि दुसरी केबल टीव्हीवर. केबलवरची आधी ठरवलेली असते हे लवकरच कळलं, पण कळल्यावरही ती सुटली नाही. दप्तरात ट्रम्प कार्डांचा गठ्ठा असायचा. मधल्या सुट्टीत रँक, वजन, छाती, दंड यांच्या आकड्यांवरून भांडणं व्हायची.

मार्च २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) डब्ल्यूसीडब्ल्यू ही समोरची कुस्ती कंपनी विकत घेतली आणि पुढची अठरा वर्षं अमेरिकेत मोठं दुकान एकच राहिलं. टीएनए नावाच्या छोट्या कंपनीने २०१० साली सोमवारी रात्री समोरासमोर उभं राहून पाहिलं, मार्चमध्ये सुरू केलं आणि मेमध्ये माघार घेतली. मग १ जानेवारी २०१९ रोजी ऑल एलिट रेसलिंगची, म्हणजे एईडब्ल्यूची घोषणा झाली. पैसा टोनी खानच्या घरचा. त्याचे वडील शाहिद खान हे जॅक्सनव्हिल जॅग्वार्स आणि फुलहॅम या दोन संघांचे मालक. सोबत पैलवान कोडी रोड्स, केनी ओमेगा आणि यंग बक्स म्हणजे जॅक्सन बंधू. त्याच्या चार महिने आधी याच पोरांनी शिकागोजवळ स्वतःच्या जोरावर 'ऑल इन' हा कुस्तीचा कार्यक्रम भरवला होता. दहा हजारांवर तिकिटं अर्ध्या तासात संपली होती.

मला तुमचे अनुभव हवेत. हा दुसरा आखाडा, म्हणजे एईडब्ल्यू, तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलात आणि त्याने तुमचं काय बदललं? कोण जिंकलं, कोणाची रेटिंग किती, हे सगळीकडे मिळतं. तुमचं स्वतःचं सांगा.

सुरुवात मी करतो. ३ ऑक्टोबर २०१९, पहाटे साडेपाच. तिकडे बुधवारची रात्र, वॉशिंग्टनमध्ये 'डायनामाइट' या एईडब्ल्यूच्या दर आठवड्याच्या कार्यक्रमाचा पहिला भाग. आमच्याकडे नवरात्र चालू होतं आणि आई देवासमोरच्या समईत तेल घालायला उठली होती. मी अंधारात कानात इअरफोन घालून बसलेला. तिला वाटलं ऑफिसचं काही काम अडलंय, म्हणून तिने न विचारता चहा आणून ठेवला. पहिलीच लढत कोडी आणि सॅमी गेवारा. प्रेक्षकांचा आवाज ऐकून अंगावर काटा आला, कारण तो आवाज मी शाळेत असताना ऐकला होता. मधल्या वर्षांत लोक बघत होते, पण असे ओरडत नव्हते. चहा गार झाला.

सांगली जिल्ह्यातून

आमचं घर तालमीचं. आबा वस्ताद. माती, खुराक आणि जोर-बैठका याच्यापलीकडं त्यांना कुस्ती मान्य नाही. टीव्हीवर माझी रेसलिंग लागली की "नुरा कुस्ती बघतोय" म्हणून उठून जायचे. मी कधी उलट बोललो नाही, कारण त्यांचं बरोबरच होतं. कोण जिंकायचं हे आधीच ठरलेलं असेल तर वस्तादाच्या लेखी ती फसवणूकच.

२६ मे २०१९, रविवार. लास वेगासच्या 'डबल ऑर नथिंग' या एईडब्ल्यूच्या कार्यक्रमातली कोडी आणि डस्टिन रोड्सची लढत मी गोठ्याजवळ बसून फोनवर बघत होतो. दोघं सावत्र भाऊ, वडील एक. थोरला पन्नास वर्षांचा. त्याच्या तोंडावर अर्धा रंग लावलेला, आणि थोड्या वेळानं रंग कुठला अन् रक्त कुठलं कळेना. आबा धार काढून आले आणि मागं उभे राहिले. मला वाटलं आता बोलतील. "थोरला कोण?" एवढंच विचारलं. मी दाखवला. मग ते बादली खाली ठेवून खाली बसले.

धाकट्यानं पाडला थोरल्याला. थोरला उठून निघाला होता, तर धाकटा म्हणाला, मला माझा थोरला भाऊ पाहिजे. दोघं गळ्यात पडून रडले. आबांचं आणि आमच्या काकांचं जमिनीवरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. आबा काही बोलले नाहीत, बादली उचलून आत गेले. काकांकडं ते गेले ते पुढं दिवाळीत, आणि त्याला कारणं दुसरीही होती. पण त्या दिवसापासून माझ्या रेसलिंगला त्यांनी नुरा म्हटलं नाही.

अटलांटाहून

मी इथे १९९७ साली आलो, वायटूकेच्या, म्हणजे संगणकांतल्या २००० सालच्या तारखांच्या घोळाच्या, कामासाठी. डब्ल्यूसीडब्ल्यूचं मुख्य कार्यालय याच शहरात. ऑफिसात सोमवारी रात्रीचा तिचा टीव्ही कार्यक्रम 'नायट्रो' हा मंगळवार सकाळचा हक्काचा विषय, आणि नवख्या माणसाला चार गोरी माणसं बोलायला मिळाली ती त्या विषयामुळे. ६ जुलै १९९८ ला जॉर्जिया डोममध्ये मी होतो. गोल्डबर्गने होगनला हरवलं तेव्हा चाळीस हजार माणसं एकदम उठली आणि माझ्या शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली. या देशात मला कोणी मारलेली ती पहिली मिठी.

पावणेतीन वर्षांत सगळं गेलं. २६ मार्च २००१ चं शेवटचं नायट्रो. शेवटची लढत फ्लेअर आणि स्टिंगची. आणि त्याच चॅनेलवर डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक व्हिन्स मॅकमॅहन येऊन उभा राहिला, जिंकलेल्या गढीत शत्रूने फिरावं तसा. मी टीव्ही बंद केला तो कुस्तीसाठी पुन्हा जवळजवळ वीस वर्षं लावला नाही.

डब्ल्यूसीडब्ल्यू आपल्या कर्माने बुडाली, हे मीही म्हणतो. तरुणांना वर येऊ दिलं नाही, पैसा पाण्यासारखा घातला, आणि शेवटी मूळ कंपनीला ती नकोशी झाली. पण बुडाल्यावर जे झालं ते वाईट होतं. पैलवानाला एका दारातून हाकललं तर ठोठवायला दुसरं दार राहिलं नाही. लोकांना हे माहीत नसतं, पण ही माणसं बहुतेक कंपनीची नोकरदार धरली जात नाहीत, कंत्राटी धरली जातात. दुसरं गिऱ्हाईक नसेल तर कंत्राटदार काय घासाघीस करणार?

२ डिसेंबर २०२० ला मुलाने हाक मारली, "बाबा, इकडे या." नायट्रोचं तेच टीएनटी चॅनेल, कार्यक्रम एईडब्ल्यूचा. दिवे गेले, खोटा बर्फ पडायला लागला आणि स्टिंग चालत आला. एकसष्ट वर्षांचा. आणि समालोचनाला आवाज टोनी शिवानीचा, नायट्रोवर जो असायचा तोच. मी सोफ्याच्या पाठीला धरून उभाच राहिलो. मार्च २०२४ मध्ये ग्रीन्सबरोला तो निवृत्त झाला तेव्हा मी आणि मुलगा गाडीने गेलो. नव्या कंपनीत तो एकही लढत हरला नाही. शेवटच्या लढतीत त्याची दोन्ही मुलं त्याच्या जुन्या वेशांत येऊन गेली. माझा मुलगा माझ्यापेक्षा जास्त रडला.

ठाण्याहून

मी दंतवैद्य आहे, त्यामुळे माझी आवडती कोण हे सांगायला नको. ब्रिट बेकर खरीखुरी दंतवैद्य. पिट्सबर्ग विद्यापीठातून २०१८ ला पास झालेली, आणि एईडब्ल्यूत आल्यावरही फ्लोरिडात दवाखान्यात रुग्ण बघत होती. तिचा शेवटचा डाव लॉकजॉ. हातमोजा चढवते आणि प्रतिस्पर्धी बाईच्या तोंडात बोटं घालून जबडा दाबते. हातमोजा चढवताना मनगटाशी तो जो ताणून सोडते, तो आवाज मी दिवसातून तीस वेळा ऐकते.

मार्च २०२१ मध्ये थंडर रोझाबरोबरची तिची लढत झाली. त्या महिन्यात आम्ही पीपीई घालून घामाने निथळत काम करत होतो, रुग्ण तोंड उघडायला घाबरत होते. ती लढत हरली, पण पाठीत टाचण्या रुतलेल्या, चेहरा रक्ताने माखलेला, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडताना मला बळ आलं, ते तिचंच.

म्हणूनच राग येतो. दोन तासांच्या कार्यक्रमात वर्षानुवर्षं बायकांची एकच लढत, तीही आठ-दहा मिनिटांची. डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या मोठ्या कंपनीला आव्हान द्यायला आलात ना, मग तिथेच तिच्या पुढे जायची संधी होती. ती घालवली.

पुण्याहून

थोडं विषयाबाहेरचं, पण माझ्यासाठी दुसरा आखाडा बालेवाडीला होता. टीएनएने आपला संस्थापक जेफ जॅरेटला घेऊन 'रिंग का किंग' हा कुस्तीचा टीव्ही कार्यक्रम इथे चित्रित केला. जानेवारी ते एप्रिल २०१२ कलर्सवर सव्वीस भाग दाखवले. मी इंजिनीअरिंगला होतो, होस्टेलवरच्या मित्राने पास मिळवले. स्कॉट स्टायनर माझ्यापासून पंधरा फुटांवर! पण लक्षात राहिला महाबली वीरा. आपल्यातला वाटणारा पोरगा पाठीवर आपटला तेव्हा जी फळी दणाणली तो आवाज टीव्हीवर कधीच तसा येत नाही. छातीत लागतो. त्या दिवसापासून मी 'खोटं असतं' म्हणणाऱ्याशी वाद घालत नाही, फक्त म्हणतो, एकदा जवळ बसून बघ.

दुसरा हंगाम आला नाही. वीरा पुढे महाबली शेरा या नावाने टीएनएत गेला. मग २०२२ मध्ये एईडब्ल्यूत सतनाम सिंग आला. पंजाबच्या बल्लो के गावचा, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या संघाने निवडलेला पहिला भारतीय. तो दिसला की मला बालेवाडीचा तो हॉल आठवतो. महाराष्ट्रात इतक्या तालमी, इतके पैलवान, आणि या धंद्यात मराठी नाव कुठे आहे? मनापासून विचारतोय.

शिकागोहून

एकच आठवण. २० ऑगस्ट २०२१, युनायटेड सेंटर. शिकागोचाच पैलवान सीएम पंक सात वर्षांनी कुस्तीत परतला, तो एईडब्ल्यूत. नाव आधी जाहीर केलेलं नव्हतं, तरी तिकिटं संपलेली. तो रिंगकडे येताना माझ्यापुढचा धिप्पाड माणूस गुडघ्यांवर बसून हुंदके देत होता. जाताना सगळ्यांना आईस्क्रीम बार फुकट. कागदावर पंकचं चित्र. तो कागद धुऊन मी पासपोर्टच्या फाईलमध्ये ठेवलाय.

लंडनहून

वेम्बली, २७ ऑगस्ट २०२३, एईडब्ल्यूचा कार्यक्रम. आम्ही सहा मराठी जण. आधी ईलिंग रोडला वडापाव आणि कटिंग, मग चालत स्टेडियम. पडद्यावर आकडा झळकला, ८१,०३५ तिकिटं विकली गेली. चार वर्षांच्या कंपनीने! त्यातही सराया महिला विजेती झाली तेव्हा मी ओरडून घसा बसवला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मानेच्या दुखापतीने २०१८ ला निवृत्त व्हावं लागलेली बाई पुन्हा उभी राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. नॉर्विचची मुलगी, घरच्या माणसांसमोर जिंकली.

सहा दिवसांनी पंकला काढून टाकल्याची बातमी आली. त्याच वेम्बलीत पडद्यामागे मारामारी झाली होती. आम्ही वर नाचत होतो तेव्हा खाली हे चाललं होतं. फार वाईट वाटलं.

संभाजीनगरहून

मी डब्ल्यूडब्ल्यूईचा आहे आणि राहणार. तरी लिहितो. कोडी बाहेर पडला नसता, स्वतःचं उभारलं नसतं, तर २०२२ ला रेसलमेनियात, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, परत आला तेव्हा तसं स्वागत झालं असतं का? एप्रिल २०२४ ला रोमन रेन्सला हरवून तो विजेता झाला. आम्हाला आमचा नायक दुसऱ्या आखाड्याने घडवून दिला. हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही.

नाशिकहून

माझा मोठा भाऊ सातपूरला एका मोठ्या कारखान्यात बारा वर्षं होता. हुशार फिटर, पण त्याला कायम दुसऱ्याच्या हाताखाली ठेवलं. २०१९ च्या शेवटी सोडून एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेला. तिथे पहिल्याच महिन्यात त्याला डाय, म्हणजे साचा, बनवायचं स्वतंत्र काम मिळालं. रोज रात्री फोनवर फोटो दाखवायचा. रेसलिंग आम्ही दोघं लहानपणापासून एकत्र बघायचो, आणि पुढच्या वर्षी त्याचा सगळ्यात आवडता ब्रोडी ली.

का, ते सांगायला नको. मोठ्या कंपनीत, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईत, तो ल्यूक हार्पर होता, बहुतेक दुसऱ्यांच्या मागे उभा. स्वतःहून सुटका मागितली. मार्च २०२० मध्ये रिकाम्या सभागृहात एईडब्ल्यूत आला, टोळीचा म्होरक्या म्हणून. ऑगस्टमध्ये कोडीला काही मिनिटांत झोपवून टीएनटी विजेतेपदाचा पट्टा घेतला. दादा म्हणाला, "बघ, माणूस तोच आहे. फक्त पुढे उभा केला."

२६ डिसेंबर २०२० ला ब्रोडी ली फुप्फुसाच्या आजाराने गेला. एकेचाळीस वर्षांचा. ३० तारखेचा सगळा कार्यक्रम त्याच्या नावाने केला, लढती त्याच्या आठ वर्षांच्या मुलाच्या आवडीच्या. शेवटी पट्टा त्या मुलाला कायमचा दिला आणि रिंगच्या मधोमध त्याचे बूट ठेवले. दादा आणि मी शेजारी बसून बघितलं.

एप्रिल २०२१ मध्ये दादा कोविडने गेला. वर्कशॉपचे मालक दहाव्याला आले होते. एका पिशवीत त्याचे सेफ्टी बूट, कॅलिपर आणि त्याने बनवलेली शेवटची डाय, पुसून, तेल लावून. माझा पुतण्या तेव्हा नऊ वर्षांचा. त्याने पिशवीतून बूट काढले, अंगणात मधोमध ठेवले आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला. आम्ही कोणी ते उचलले नाहीत.