मदत हवी आहे : खुर्चीवरून उठताना बसणारा चटका आणि भिंतीतल्या बोर्डातली वीज एकच आहे का?

नमस्कार.

माझी मुलगी आठवीत आहे. सातवीत तिला स्थितिक विद्युत होती, यंदा धाराविद्युत आहे, आणि दोन्ही प्रकरणांत तिला गुण चांगले मिळाले. मी स्वतः वाणिज्य शाखेची असल्यामुळे तिच्या ज्या प्रश्नापुढे मी अडकले आहे, तो येथे मांडते.

आम्ही नाशिकला राहतो. डिसेंबरात हवा कोरडी झाली की आमच्याकडे एक प्रकार हमखास घडतो. मुलगी स्वेटर घालून प्लास्टिकच्या खुर्चीवर अभ्यासाला बसते आणि उठून लोखंडी कपाटाच्या मुठीला हात लावते, तेव्हा ‘टक्’ असा आवाज होऊन तिला चटका बसतो. परवा वीज गेलेली असताना अंधारात आम्हा दोघींना बोट आणि मूठ यांच्यामध्ये निळसर ठिणगीही स्पष्ट दिसली. अशा ठिणगीत हजारो व्होल्ट असतात असे तिने कोठेतरी वाचले आणि मला विचारले, “आई, हजारो व्होल्टने मला नुसता चटका बसतो आणि बोर्डातल्या २३० व्होल्टने माणूस मरतो, तर मग व्होल्ट म्हणजे नक्की काय?” एकक धनप्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेण्यासाठी करावे लागणारे कार्य म्हणजे विभवांतर, ही व्याख्या तिला तोंडपाठ आहे. परंतु ती व्याख्या आणि ती मूठ यांचा एकमेकींशी काय संबंध, हे तिलाही सांगता येत नाही आणि मलाही.

कपाटाची वीज आणि बोर्डाची वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? साध्या खुर्चीत हजारो व्होल्ट येतात कोठून? आणि बसलेली असताना तिला काहीच होत नाही, उठल्यावरच चटका बसतो, असे का? बोर्डाला हात न लावता घरी करून पाहता येईल असा एखादा प्रयोग कोणी सुचवला, तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

ताई, उत्तर सोपे आहे. स्थितिक वीज एका जागी थांबलेली असते म्हणून ती निरुपद्रवी, आणि धारा वाहते म्हणून ती घातक. माणूस व्होल्टने मरत नाही, अँपिअरने मरतो, एवढे मुलीला सांगा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री शाखेला बरीच वर्षे शिकवले आहे आणि ‘व्होल्टने नाही, अँपिअरने’ हे वाक्य दरवर्षी नव्या तुकडीकडून ऐकले आहे. ते खोटे नाही, पण अर्धवट आहे, कारण अंगातून धारा लोटणारे व्होल्टच असतात. शिवाय स्थितिक वीज निरुपद्रवी असेल, तर पावसाळ्यात शेतात पडणाऱ्या विजेला काय म्हणायचे? तीही ढगात साठलेल्या प्रभाराची ठिणगीच आहे, फक्त तिची धारा हजारो अँपिअरची असते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की वीज एकच आहे. ही शंका केवळ आपल्या मुलीची नाही. घासून मिळणारी, घटातून मिळणारी, चुंबकापासून मिळणारी, उष्णतेपासून मिळणारी आणि काही माशांच्या अंगातली, या पाच विजा एकच आहेत की निरनिराळ्या, यावर एके काळी शास्त्रज्ञांतही वाद होता. मायकेल फॅरडे यांनी त्या प्रत्येकीचे परिणाम ताडून पाहिले आणि १८३३ साली त्या एकच असल्याचे दाखवून दिले. आपल्याकडे मात्र अर्धी वीज एका इयत्तेत आणि अर्धी पुढच्या इयत्तेत शिकवली जात असल्यामुळे मुलांच्या मनात ती दोनच राहते.

फरक आहे तो साठ्यात आणि पुरवठ्यात. माणसाच्या शरीराची विद्युतधारिता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, साधारण १०० पिकोफॅरड धरा आणि चटका बसण्यापूर्वीचे व्होल्ट १०,००० धरा. गुणाकार केल्यावर अंगावरचा प्रभार येतो केवळ १ मायक्रोकूलॉम, आणि त्यातली ऊर्जा भरते सुमारे ५ मिलिज्यूल. ठिणगी पडली की एवढा सगळा साठा सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशात संपतो आणि मागून भर घालणारे कोणीही नसते. आता जुना १०० वॅटचा पिवळा दिवा घ्या. २३० व्होल्टवर त्यातून सुमारे ०.४३ अँपिअर धारा जाते, म्हणजे आपल्या मुलीच्या अंगावरच्या प्रभाराच्या चार लाखांहून अधिक पट प्रभार दर सेकंदाला त्या तारेतून ये-जा करतो, आणि बटण बंद करेपर्यंत तो पुरवठा आटत नाही. ओल्या हाताने बोर्डातल्या फेजला स्पर्श झाला आणि शरीराचा रोध १,००० ते २,००० ओहमपर्यंत उतरला, तर अंगातून १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त धारा जाऊ शकते. घरातला आरसीसीबी, म्हणजे धारा गळू लागताच वीज आपोआप तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरवर तुटेल असा ठेवतात, त्यावरून ही धारा किती मोठी आहे याचा अंदाज यावा.

आता खुर्चीकडे येतो, कारण आपल्या तिन्ही प्रश्नांत मला हा सर्वांत आवडला. बसताना कपडा आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटतात आणि एकाकडचे थोडे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. घासण्याने हा स्पर्श जास्त जागी होतो इतकेच, एरवी नुसता स्पर्शही पुरतो. मुलगी बसलेली असते तोवर धनप्रभार आणि ऋणप्रभार केसभर अंतरावर एकमेकांसमोर असतात आणि बाहेर त्यांचा प्रभाव जवळजवळ जाणवत नाही. ती उठते तेव्हा हे दोन प्रभार एकमेकांपासून दूर नेले जातात, आणि ते एकमेकांना ओढत असल्यामुळे ते काम तिच्या पायांना करावे लागते. प्रभार तेवढाच राहतो, पण केलेले कार्य त्यात साठते आणि व्होल्ट चढत जातात. ‘एकक प्रभार नेण्यासाठी करावे लागणारे कार्य’ म्हणजे तिचे ते खुर्चीवरून उठणेच आहे. हे कार्य इतके थोडे असते की पायांना त्याचा पत्ताही लागत नाही. पण प्रभार त्याहूनही थोडा असल्यामुळे भागाकार हजारांत जातो.

एक विचारतो. ती घरात रबरी चपला घालते का? घालत असेल तर अंगावरचा प्रभार फरशीत उतरू शकत नाही. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि त्यातून प्रभार हळूहळू निघून जातो, म्हणूनच कोकणातल्या मंडळींना ही तक्रार फारशी माहीत नसते. चटका टाळायचा असेल तर हातात घट्ट धरलेली किल्ली आधी मुठीला टेकवावी. ठिणगी किल्लीवर पडते आणि बोटाला जवळजवळ काही जाणवत नाही.

प्रयोगासाठी थर्माकोलचा एक सपाट तुकडा ओट्यावर ठेवून लोकरीच्या कापडाने मिनिटभर घासा. स्टीलच्या ताटलीच्या मधोमध प्लास्टिकचा कोरडा पेला चिकटपट्टीने पक्का बसवा, म्हणजे ती मूठ झाली. पेल्याला धरून ताटली थर्माकोलवर ठेवा, तिच्या कडेला क्षणभर बोट लावा, बोट काढा आणि मग पेल्यानेच ताटली वर उचला. खोलीत अंधार करून टेस्टरच्या मागच्या धातूच्या टोपीवर बोट ठेवा आणि त्याचे टोक ताटलीच्या कडेला लावा. आतला निऑनचा दिवा एकदा लुकलुकेल. थर्माकोल पुन्हा न घासता हीच क्रिया अनेकदा करता येते, कारण दर वेळी ऊर्जा पुरवतो तो ताटली उचलणारा आपला हात. अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७५ साली हेच उपकरण इलेक्ट्रोफोरस या नावाने लोकांपुढे आणले, आणि ‘व्होल्ट’ हे नाव त्यांच्यावरूनच आले. हा टेस्टर मुलीने फक्त ताटलीला लावायचा, बोर्डात घालायचा नाही, हे मात्र तिला निक्षून सांगा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

काका, मनापासून आभार. रविवारी दुपारी आम्ही प्रयोग केला. पहिल्या तीन वेळा काहीच झाले नाही आणि मी थर्माकोललाच दोष देत होते. शेवटी मुलीच्याच लक्षात आले, की पेला धरताना माझी करंगळी ताटलीच्या कडेला टेकत होती. हात नीट धरल्यावर दिवा लुकलुकला, आणि एकदा घासलेल्या थर्माकोलवर तिने तो सलग सतरा वेळा पेटवून दाखवला. त्यानंतर मी स्वतः तोच टेस्टर बोर्डात लावून तिला लांबून दाखवला. दिवा तोच, पण येथे तो स्थिर जळत राहिला. तो पाहून ती बराच वेळ काही बोलली नाही.

संध्याकाळी तिच्या बाबांना दाखवायला गेलो तर प्रयोग फसला. स्वयंपाकघरात कुकरची वाफ कोंडली होती, आणि कोकणाबद्दल आपण लिहिलेले तेव्हा आठवले. चपलांचा तर्कही बरोबर निघाला. ती अनवाणी उठली की चटका बसत नाही.

आता तिचा पुढचा प्रश्न असा, की ताटली खूप वेगाने वर-खाली केली तर घरातला दिवा लागेल का?

प्रतिसाद ३

हिशेब तिलाच करायला द्या. अशा ताटलीवर प्रभार एका मायक्रोकूलॉमचा विसावा भाग मानला, तर ०.४३ अँपिअरसाठी ती सेकंदाला सुमारे ८६ लाख वेळा उचलावी लागेल. कल्पना मात्र वेडगळ नाही. व्हॅन डी ग्राफ यांच्या यंत्रात हातातल्या ताटलीऐवजी फिरता पट्टा प्रभार वर वाहून नेतो आणि लाखो व्होल्ट मिळतात, तरीही शाळांमध्ये दाखवतात त्या यंत्राची धारा काही मायक्रोअँपिअरच असते. वीजकेंद्रातल्या जनित्रात म्हणूनच काहीही घासत नाहीत, तेथे तारांच्या वेटोळ्यांमध्ये चुंबक फिरवतात.

आणखी एक गंमत तिला शोधायला सांगा. टेस्टरच्या दिव्यात दोन बारीक तारा असतात. बोर्डात लावल्यावर दोन्ही तारांभोवती उजेड दिसतो, कारण तेथे धारेची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते. ताटलीला लावल्यावर तो एकाच तारेभोवती दिसायला हवा. कोणत्या, ते तिने अंधारात नीट पाहून येथे लिहावे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

पाहिले. बोटाच्या बाजूच्या तारेभोवती.

प्रतिसाद ३

बरोबर. निऑनच्या दिव्यात ऋण बाजूची तार उजळते. म्हणजे तिची ताटली धनप्रभारित होती आणि इलेक्ट्रॉन तिच्या बोटातून ताटलीकडे गेले.