अंकोर, नोकोर, नगर

प्रश्न : कंबोडियातल्या ‘अंगकोर वाट’ मंदिराच्या नावाचा अर्थ काय? एकाने ‘अंकुर’वरून आलंय असं सांगितलं, पटलं नाही. आणि यातली ‘वाट’ आपली रस्त्याचीच का?

– अंकुराचा काही संबंध नाही. शब्द साधा ‘नगर’. ख्मेर या तिथल्या भाषेच्या लिपीत आजही न-ग-र अशीच अक्षरं लिहितात, वाचतात मात्र ‘नोकोर’, कारण तिथे ‘ग’चा उच्चार ‘क’ होतो. त्याचंच दुसरं रूप अंकोर. ‘नोकोर’चा अर्थ पुढे राज्य, देश इथपर्यंत पसरला, कंबोडियाचं राष्ट्रगीतच ‘नोकोर रीच’. थाईत तोच शब्द ‘नाखोन’ झाला.

– मग अंकोर शहराला स्वतःचं नावच नव्हतं?

– होतं की! यशोधरपूर. पहिला यशोवर्मन 889मध्ये गादीवर आला आणि त्याने हरिहरालयातली राजधानी फ्नोम बाखेंग टेकडीभोवती हलवली. तिथे त्याने बांधलेल्या तळ्यालाही स्वतःचंच नाव : यशोधरतटाक. साडेसात किलोमीटर लांब, पावणेदोनहून जास्त रुंद, आणि खणलेलं नाही. चारी बाजूंनी मातीचे बांध घालून पाणी अडवलेलं. आता तिथे भातखाचरं आहेत. एवढं भारदस्त नाव मागे पडून नुसतं ‘नगर’ उरलं. आपल्याकडे अहमदनगरला (आता अहिल्यानगर) लोक नुसतं ‘नगर’ म्हणतात, तसंच.

– अंकोर थॉम वेगळं ना?

– त्याच परिसरातलं, पण नंतरचं. 1177मध्ये शेजारच्या चंपा राज्याच्या (आजच्या व्हिएतनाममधलं) सैन्याने राजधानी लुटली. त्यानंतर सातव्या जयवर्मनने हे तटबंदीचं शहर वसवलं. वेशीबाहेर एका बाजूला 54 देव, दुसऱ्या बाजूला 54 असुर, सगळ्यांच्या हातात नागाचं अंग. ‘थॉम’ म्हणजे मोठं. थोडक्यात, नगर बुद्रुक!

– आणि ‘वाट’?

– रस्त्याची नव्हे. संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. आपला ‘वाडा’ त्याच कुळातला. तिकडे तो शब्द बौद्ध मठ-मंदिरासाठी रुळला. दुसऱ्या सूर्यवर्मनने 12व्या शतकात बांधलं ते विष्णूचं मंदिर, त्यामुळे ‘अंकोर वाट’ हे नाव ते बौद्धांचं झाल्यानंतरचं.

– लिहायचं कसं मग? अंगकोर की अंकोर?

– ‘अंगकोर’ हे रोमन स्पेलिंगवरून उचललेलं. ख्मेर उच्चारात मधला ‘ग’ ऐकूच येत नाही. मराठी वर्तमानपत्रं ‘अंकोरवाट’ छापतात, तेच कानाला जास्त जवळचं. फक्त मी ‘वाट’ तोडून लिहीन.