रिबेका बूनची आई: नाव लिहायचं की रकाना कोरा ठेवायचा?

ओसरी: केंटकीत वसाहत वसवणाऱ्या डॅनियल बूनचं नाव बऱ्याच जणांना माहीत असेल. त्याची बायको रिबेका ब्रायन. जन्म १७३९ चा, व्हर्जिनियातला. १७५६ च्या ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलिनात याडकिन नदीच्या खोऱ्यात लग्न, पदरी दहा मुलं, १८१३ मध्ये मिसुरीत मृत्यू. वडील जोसेफ ब्रायन, आजोबा मॉर्गन ब्रायन, इथवर सगळं सुरळीत. घोडं अडतं ते आईपाशी. ऑनलाइन वंशवृक्षांत कुठे हेस्टर हॅम्प्टन, तर कुठे अ‍ॅलिस लिनव्हिल. पुरावा म्हणून बहुतेक ठिकाणी दुसऱ्या कुणाचा वंशवृक्षच जोडलेला! माझं स्पष्ट मत: कागद मिळेपर्यंत रकाना कोरा ठेवावा.

रानजाई: सपशेल असहमत. कागद लिहिणाऱ्यांनी बायका लिहिल्याच नाहीत, त्याला काय करणार? तेव्हाच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र अस्तित्व नव्हतं. १८५० च्या आधीच्या अमेरिकन जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी घर म्हणजे वयोगटांचे नुसते आकडे. अशा दप्तराकडून बाईचा दाखला मागणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा पुसणं. शिवाय लिनव्हिल काही आकाशातून पडलेलं नाव नाही. जोसेफची बहीण एलेनॉर त्याच घरात, विल्यम लिनव्हिलला दिली होती. आणि रिबेकाबद्दल आपल्याला जे काही कळतं, त्यातलं बरंचसं तोंडी हकिगतींवरच उभं आहे. जुन्या हकिगती गोळा करणाऱ्या लायमन ड्रेपर या इतिहासकाराने १८५१ मध्ये तिचा धाकटा मुलगा नेथन आणि सून ऑलिव्ह यांच्याकडून ऐकून लिहून घेतलं, ते तुम्हाला चालतं ना?

ओसरी: चालतं, कारण नेथन आपल्या घरातलं, डोळ्यांदेखत घडलेलं सांगत होता. पणजीचं माहेर चौथ्या पिढीने सांगणं वेगळं. सोयरीक होती म्हणता, पण त्यामुळेच कुणीतरी अंदाजाने लिनव्हिल लिहिलं असण्याची शक्यता वाढते. आणि ऐकीव सगळंच घ्यायचं, तर रिबेकाची लेक जेमिमा ही डॅनियलची नसून त्याच्या भावाची मुलगी, ही कथाही घ्या. त्यात भावाचं नावसुद्धा सांगणाऱ्यागणिक बदलतं. ती वंशवृक्षात घालाल?

चिकित्सक: नॉर्थ कॅरोलिनातल्या रोवन परगण्यातली जोसेफच्या जमिनीची खतं बघावीत. जमीन विकताना बायकोला तिचा हक्क सोडावा लागे. नवऱ्याच्या दबावाने सोडत नाही ना, हे तिला बाजूला घेऊन विचारायची पद्धत होती. त्यामुळे जिथे बायकांची नावं हमखास सापडावीत, अशी ही जागा. दुसरा मार्ग डीएनएचा. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून येतो. सुझाना, जेमिमा, लवीना, रिबेका या चार लेकींपैकी एखादीची लेकीची-लेक अशी अखंड वंशरेषा आजवर आली असेल, तर ती हॅम्प्टन आणि लिनव्हिल घरांतल्या बहिणींच्या तशाच वंशरेषांशी ताडून बघता येईल.

ओसरी: खतातून कळेल ती खताच्या तारखेची बायको. रिबेका १७३९ ची. मधल्या काळात पहिली बायको वारली असेल तर? डीएनएचा मार्ग मात्र पटतो. न जुळल्यास एक नाव तरी बाद होईल. जुळल्यावर लगेच नाव लिहू नये, कारण तोच डीएनए लांबच्या घरांतही सापडतो.

रानजाई: तोवर दोन्ही नावं लिहून पुढे ‘अनिश्चित’ असा शेरा मारा. कोरा रकाना बघून पुढचा माणूस शोधायलाच जाणार नाही.

ओसरी: उलट, नाव दिसलं की शोध थांबतो. वंशवृक्ष उतरवून घेताना शेरा मागेच राहतो. शेरा रकान्याबाहेर, टिपणात लिहा, दोन्ही नावांसकट. तेवढं मला मान्य आहे.

रानजाई: टिपण उघडून वाचतंय कोण? मला मान्य नाही.