चिनी पुस्तकाच्या कण्यावरील वर्गांक कसा वाचावा?

दशांशकर: विषयांना आकडे देणाऱ्या ड्युई दशांश पद्धतीने ग्रंथालयात पुस्तके लावण्यात माझी बारा वर्षे गेली. बीजिंगला शिकणाऱ्या भाचीने विद्यापीठाच्या ग्रंथालयातून घेतलेल्या चिनी कादंबरीचे छायाचित्र पाठवले. कण्यावरील चिठ्ठीवर ‘आय २४७.५’ असा वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणारा क्रमांक, रोमन अक्षरात आहे आणि तिरक्या रेघेपुढे आणखी एक आकडा आहे. याची फोड कशी करावी?

जुने_कपाट: ही ‘चिनी ग्रंथालय वर्गीकरण’ पद्धती आहे, तिची पहिली आवृत्ती १९७५ साली आणि पाचवी २०१० साली निघाली. मुख्य वर्ग २२ असून प्रत्येकाला एक रोमन अक्षर दिले आहे. एल, एम, डब्ल्यू आणि वाय ही अक्षरे मोकळी ठेवली आहेत. ‘आय’ म्हणजे साहित्य, २ म्हणजे चीन, ४ म्हणजे कथात्म साहित्य, ७ म्हणजे १९४९ नंतरचे लेखन आणि .५ म्हणजे कादंबरी. रेघेपुढचा आकडा लेखकाचा असतो किंवा ते पुस्तक त्या वर्गात कितवे आले ते सांगतो. कोणती रीत पाळायची, हे ग्रंथालय ठरवते.

पोथीवाला: पहिला वर्ग ‘ए’ मार्क्सवाद, लेनिनवाद, माओ विचार आणि दंग श्यावफिंग सिद्धान्त यांचा आहे, तत्त्वज्ञान त्याच्यामागून येते. याला हसण्यापूर्वी ड्युईच्या २०० या धर्माच्या वर्गात ख्रिस्ती धर्माने किती जागा अडवली आहे, तेही पाहावे. जुन्या, दोऱ्याने शिवलेल्या ग्रंथांसाठी मात्र अभिजात ग्रंथ, इतिहास, विचारवंत आणि संग्रह ही चार भागांची परंपरागत विभागणी आजही वापरतात. छ्यानलोंग सम्राटाच्या आज्ञेने १७७३ मध्ये सुरू झालेला ‘सिखू छ्वानशू’ हा प्रचंड ग्रंथसंग्रह याच चार भागांत लावलेला आहे.

दशांशकर: आभारी आहे. मग मराठी कादंबरी तेथे कोठे बसेल?

जुने_कपाट: खरा फरक येथेच आहे. ड्युई साहित्य प्रामुख्याने भाषेनुसार विभागतो, म्हणून मराठीला ८९१.४६ आणि बंगालीला ८९१.४४ मिळतो. चिनी पद्धतीत भाषेआधी देश येतो. भारताचा अंक ३५१ असल्यामुळे रवींद्रनाथांची बंगाली कविता आणि मराठी कादंबरी ही दोन्ही ‘आय ३५१’ खालीच येतात. मला ही सोय थोडी सपाट वाटते, पण अनुवादांच्याच वाटेने भारतापर्यंत येणाऱ्या वाचकाला सगळा भारत एका फळीवर सापडतो, हेही खरे.

दशांशकर: भाचीला ‘आय ३५१’ च्या फळीचे छायाचित्र पाठवायला सांगितले आहे.