१७ वर्षांची सॅन्ट्रो, मागं आई, शेजारी बाबा, कोल्हापूर ते तिरुपती: न्यावी का?

रंकाळा_संध्याकाळ

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही.

आमची सॅन्ट्रो झिंग आहे, २००८ ची, पेट्रोल, एमएच ०९, पहिल्यापासून आमच्याच घरात. बाबांनी रिटायर झाल्यावर जे पैसे आले त्यातनं घेतली. आता १ लाख ३४ हजार किमी झालेत. बाबा ७५ चे, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्वतःच चालवायची सोडली, पण रोज सकाळी फडकं मारणं काही सुटलेलं नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये त्यांची डायरी असते, प्रत्येक वेळी किती लिटर टाकलं, किती किमी झाले, हवा कधी भरली, सगळं त्यात लिहिलेलं, तिसरी डायरी चालू आहे.

२००९ ला आम्ही याच गाडीनं तिरुपतीला निघालो होतो. अंबाबाईचं दर्शन घेऊन, नारळ फोडून पहाटे निघालो आणि निपाणीला चहाला थांबलो तेवढ्यात आजीची तब्येत बिघडल्याचा फोन आला. तिथनंच परत. त्या दिवशी डायरीत फक्त "निपाणी. परत." एवढंच लिहिलंय. नंतर आजी गेली, माझी नोकरी पुण्याला, मग लग्न, मुलं, ते राहून गेलं ते गेलंच. आता आई म्हणते या दिवाळीनंतर जायचंच, आणि बाबा म्हणतात जायचं तर आपल्या गाडीनं.

रोजच्या चालवण्यात तक्रार काही नाही. कोल्हापूर-सांगली, जोतिबा, नरसोबावाडी आरामात होतं. पण बेंगळूरवरून गेलं तर एका बाजूनं साडेआठशे किमीच्या वर होतात आणि ही गाडी गेल्या पाच वर्षांत एका दमात पुण्याच्या पुढं गेलेली नाही. शेजारचे म्हणतात १५ वर्षं झाली की गाडी भंगारातच घालायची असते, पोलीस धरतील. काय करू सांगा की.

हरिप्रियावाला

भावा मनापासून सांगतो, हरिप्रिया एक्सप्रेस कोल्हापुरातनं थेट तिरुपतीला जाते, एसीचं तिकीट काढा आणि आईबाबांना झोपवून न्या. गाडी चांगली असेल पण ७५ वय आणि दोन दिवस बसून प्रवास, पाठ आणि गुडघे काय म्हणतील बघा. गाडी इथं जोतिबा-पन्हाळ्याला वापरा.

रंकाळा_संध्याकाळ

पटतंय तुमचं, खरंच पटतंय. आई-बाबा हरिप्रियानं दोनदा जाऊन आलेत. पण यावेळी प्रश्न तिरुपतीचा जेवढा आहे तेवढाच त्या निपाणीच्या अर्धवट राहिलेल्या रस्त्याचा पण आहे. बाबांनी तोंडानं कधी म्हटलं नाही, पण मला माहीत आहे. गाडी नेण्यासारखी नसेलच तर मी त्यांना समजावीन, पण आधी ती खरंच तशी आहे का हे बघायचंय.

उद्यमनगरचा_पाना

साहेब, उद्यमनगरात गॅरेज हाय माझं, २२ वर्षं झाली. आधी शेजाऱ्यांचं बोलणं डोक्यातनं काढा. दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल हा नियम दिल्ली आणि तिथल्या आसपासच्या भागाचा. आपल्याकडं पंधरा वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवून रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवून मिळतंय, पर्यावरण कर भरायचा, झालं. तुम्ही ते केलंय का नाही तेवढं सांगा, केलं नसेल तर गाडी गेटाबाहेर काढू नका, इन्शुरन्सवाला पण हात वर करेल.

आता गाडीचं. वय बघून गाडी रस्त्यात बंद पडत नाही, ज्याच्याकडं बघितलं नाही ते बंद पडतंय. तुमच्या गाडीत मला पहिल्यांदा दोन गोष्टी बघायच्यात. एक टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारा पट्टा. रबराचा असतोय, किमी झाले नसले तरी वर्षं झाली की वाळतोय आणि आधी आवाज वगैरे काही करत नाही, सरळ तुटतोय. तुटला की गाडी जागेवर, आणि बऱ्याच इंजिनात पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला धडकतोय, मग हेड खोलायचं काम. कधी बदललाय विचारा. दुसरं कूलिंग. गावातल्या गावात वीस मिनिटं चालणारी गाडी रेडिएटर अर्धा चोंदला तरी दाखवत नाही. चार माणसं, सामान, एसी चालू, आणि हायवेला सलग तीन तास, तिथं कळतंय.

आणि तुमच्या वडिलांची डायरी म्हणजे सोनं हाय साहेब. गिऱ्हाईक येतंय आणि म्हणतंय मागच्या वर्षी काहीतरी केलं होतं, काय ते आठवत नाही. तुमच्याकडं सगळं लिहिलेलं हाय. एक काम करा, मागचं एक वर्ष काढा आणि पाणी किंवा कूलंट कितीवेळा घातलंय तेवढं मोजून सांगा.

शुभदा_राजारामपुरी

दादा मी माझ्या सासूबाईंना घेऊन १४ वर्षांच्या गाडीनं म्हैसूरला गेले होते, स्वतः चालवत. हिरियूरच्या पुढं टोलच्या रांगेत थांबलो आणि टेंपरेचरचा काटा वर जायला लागला. रांगेतनं सुटून गाडी पळायला लागली की काटा खाली, थांबली की वर. आधी कळेचना. एसी बंद केला, काचा उघडल्या आणि हीटर फुल्ल चालू केला, मे महिन्यात, सासूबाई म्हणायला लागल्या अगं काय करतेस, पण त्यानं काटा थोडा खाली आला. इंजिनची उष्णता हीटरमधनं आत ओढली जाते म्हणून. मग कडेला घेऊन बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. गाडी पळत असते तेव्हा वारं लागतं म्हणून भागत होतं. पंख्याची मोटर गेली होती, हिरियूरच्या एका मेकॅनिकनं तीन तासांत बसवून दिली, फार भला माणूस होता, आम्हाला सावलीत खुर्च्या काढून दिल्या.

तेव्हापासून निघण्याआधी मी एवढं करतेच, गाडी घरासमोर चालू ठेवून एसी लावून अर्धा तास उभी करते आणि पंखा चालू-बंद होतोय का ते कानानं ऐकते. फुकटची टेस्ट आहे, कराच. आणि काही झालं तरी गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण उघडू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

पंचगंगेचं_पाणी

एक प्रश्न कुणी विचारला नाही अजून. २०१९ ला किंवा २०२१ ला महापुरात गाडी कुठं होती? आमच्या शाहूपुरीतल्या गाडीत सीटपर्यंत पाणी आलं होतं, धुऊन वाळवून चालू केली, दोन वर्षं सुतासारखी चालली आणि मग एकेक वायर दगा द्यायला लागली. कार्पेट उचलून पत्रा बघा, फ्यूज बॉक्समधल्या पिनांना हिरवट धरलंय का बघा. पुरातली गाडी असेल तर मी लांब न्यायला सांगणार नाही.

रंकाळा_संध्याकाळ

सगळ्यांचे आभार, एकेक सांगतो.

रजिस्ट्रेशन २०२३ ला केलंय, २०२८ पर्यंत आहे, कर भरलाय, नवीन नंबरप्लेट पण बसवलीय. पुरात गाडी नव्हती, दोन्ही वेळेला बाबांनी आदल्या रात्रीच मामाकडं कळंब्याला नेऊन ठेवली होती. तरी कार्पेट उचलून बघितलं, पत्रा कोरडा आहे.

टायमिंग बेल्ट २०१६ ला ७८ हजारला बदललाय, डायरीत पान सापडलं.

आणि पाणी. पानासाहेब, तुम्ही विचारलंत म्हणून रात्री बसून मोजलं. फेब्रुवारीत "पाणी अर्धा लि." एकदा. मार्चमध्ये एकदा. मे मध्ये दोनदा. जूनपासून दर दहा-बारा दिवसांनी, कधी अर्धा कधी पाऊण. गेल्या महिन्यात चार वेळा. बाबांना विचारलं तर म्हणाले जुनी गाडी आहे, पाणी पितेच. त्यांनी प्रत्येक वेळी लिहून ठेवलं होतं आणि मी गेली दोन वर्षं ती डायरी उघडून बघितली नव्हती. याचं मला फार वाईट वाटलं.

उद्यमनगरचा_पाना

साहेब वाईट वाटून घेऊ नका, वेळेत सापडलं. पण गाडी पाणी पीत नसते. कूलिंगची सिस्टीम बंदिस्त असतेय, पाणी कमी होतंय म्हणजे एकतर बाहेर गळतंय नाहीतर आत जळतंय. ऑईलचं झाकण काढून खालून बघा, ताकासारखं पांढरट चिकट दिसलं किंवा सायलेन्सरमधनं गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं पॅकिंग, गेलंय समजा. ते नसेल तर बाहेरची गळती. जवळच्या कुठल्याबी चांगल्या गॅरेजात प्रेशर टेस्ट करून घ्या, रेडिएटरला पंप लावून दाब देतात आणि मग कुठनं थेंब येतोय ते दिसतंय. माझ्याकडंच या असं म्हणत नाही.

नुसतं नळाचं पाणी घातलंय वर्षभर म्हणजे आत गंज आणि क्षार बसलेला असणार. फ्लश करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. रेडिएटरचं झाकण नवीनच घ्या, स्वस्त असतंय. त्याचं रबर गेलं की दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतंय. कुणी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह) काढून टाका म्हणालं तर ऐकू नका.

बेल्ट २०१६ चा म्हणजे नऊ वर्षं झाली, बदला. त्या बाजूनं खोललंच हाय तर वॉटर पंप हातानं हलवून बघायला सांगा. ब्रेक ऑईल दोन वर्षांच्या वरचं असेल तर तेबी बदला, ते हवेतली ओल ओढतंय, घाट उतरताना ब्रेक तापले की त्याची वाफ होतेय आणि पेडल खाली बसतंय. आणि पेट्रोलचे रबरी पाईप. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल हाय, आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांत पण तयार होतंय, चांगलं हाय, पण २००८ च्या गाडीचे रबर त्याच्यासाठी बनलेले न्हाईत. पाईप वाकवून बघा, भेगा दिसल्या तर बदला.

रंकाळा_संध्याकाळ

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, कामात होतो.

ऑईलच्या झाकणाखाली स्वच्छ होतं. प्रेशर टेस्टला रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला केसासारखी चीर सापडली. इतकी बारीक की थंड असताना दिसतच नाही. मेकॅनिकनं टॉर्च धरून दाखवलं, दाब दिल्यावर तिथं आधी ओलसर रेघ आली आणि मग एक थेंब तयार होऊन हळूच घरंगळला. बाबा पण सोबत आले होते, वाकून बराच वेळ बघत राहिले. रेडिएटर नवीन टाकला, वरचा-खालचा होज, झाकण, टायमिंग बेल्ट आणि त्याचा बेअरिंग, ब्रेक ऑईल, एक पेट्रोल पाईप. वॉटर पंप ठीक होता, तसाच ठेवला.

टायर चांगले दिसत होते म्हणून बघितलेच नव्हते, पण चार अंकी कोड बघायला मेकॅनिकनंच शिकवलं, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. चालू चारी टायर २०२१ चे निघाले, स्टेपनी ३१११. म्हणजे २०११ चा ३१ वा आठवडा! नक्षी नव्यासारखी आणि बाजूच्या रबराला बोट घालता येईल एवढ्या भेगा. बदलली.

मग परवा शनिवारी ट्रायल म्हणून मलकापूरवरून आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत जाऊन परत आलो, चौघं जण आणि डिकीत मुद्दाम सामान. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक फक्त वळणाच्या आधी. चढताना एसी चालू ठेवूनच आलो. काटा निम्म्याच्या वर गेला नाही. वर विशाळगड फाट्याजवळ थांबलो तेव्हा शुभदाताईंनी सांगितल्यासारखं ऐकलं, पंखा दोन वेळा चालू होऊन बंद झाला.

आता रस्त्याचं सांगा. दोन दिवसात करायचं ठरवलंय.

घाटवाट

पहिला मुक्काम चित्रदुर्ग करा, सव्वाचारशेच्या आत बसतं. पहाटे पाचला तावडे हॉटेलवरून निघालात तर नाष्टा धारवाडच्या आसपास आणि दुपारी तीनपर्यंत आरामात पोचाल, गाडी आणि माणसं दोघांना विश्रांती, आणि संध्याकाळी किल्ला खालून तरी बघून होतो. दुसऱ्या दिवशी बेंगळूर शहरात अजिबात शिरू नका, तिथल्या ट्रॅफिकमध्ये जुन्या गाडीचा क्लच आणि तुमचं डोकं दोन्ही जातील. तुमकूरच्या पुढं दाबसपेठला डावीकडं वळून दोड्डबळ्ळापूर, देवनहळ्ळी करत होसकोटेला निघता येतं, मग कोलार, मुळबागल, चित्तूर, तिरुपती. ८५-९० च्या वर चालवू नका. नॅशनल हायवेवर काही झालंच तर १०३३ ला फोन करायचा, तो नंबर आईच्या मोबाईलमध्ये पण सेव्ह करून ठेवा.

आणि एक, तिरुमलाला वर गाडी नेऊ नका. चढायचा आणि उतरायचा रस्ता वेगळा आहे, रस्ता छान आहे, पण गाडी खाली तिरुपतीत लावून बसनं वर जाणं वडीलधाऱ्यांना सोपं पडतं, आंध्रच्या एसटीच्या बस सारख्या सुटत असतात.

शुभदा_राजारामपुरी

आईंना दर दीड तासाला उतरवून पाच मिनिटं चालवा, त्यांनी नको म्हटलं तरी. आणि बाबांना पुढंच बसवा.

रंकाळा_संध्याकाळ

पुढंच बसणार आहेत ताई, डायरी मांडीवर घेऊन. पुढच्या शुक्रवारी पहाटे निघतोय. निपाणीला त्याच हॉटेलात चहा घ्यायचा असं आईनं ठरवलंय, हॉटेल अजून आहे का कुणाला माहीत असेल तर सांगा, हायवेला लागूनच होतं, बाहेर चिंचेचं झाड होतं.

एक शंका पानासाहेब. आज सकाळी कूलंटची बाटली बघितली तर मॅक्सच्या खुणेपासून बोटभर खाली आलीय. परत गळतंय का काय?

उद्यमनगरचा_पाना

न्हाय, घाबरू नका. नवीन भरल्यावर आत हवा अडकलेली असते, ती पहिल्या काही फेऱ्यांत निघतेय आणि तेवढी लेव्हल खाली येतेय. तेच कूलंट घालून खुणेपर्यंत करा, नळाचं पाणी नगं. मग रोज सकाळी गाडी गार असताना बघा आणि डायरीत लिहा. गुरुवारपर्यंत हलली नाही तर बिनधास्त निघा, हलली तर मला फोटो टाका, सकाळी साडेनऊला गॅरेज उघडतोय. चिंचेच्या झाडाचं मात्र मला माहीत न्हाय, निपाणीचं कुणी असेल तर सांगा की.