विंचने उचलताना ट्यूब निसटली तर?

भूलवाली_पीजी: अ‍ॅनेस्थेशिया सेकंड इयर. आल्प्समधल्या हेलिकॉप्टर रेस्क्यूवर सेमिनार आहे, सीनियरने गळ्यात मारलाय. स्वित्झर्लंडमध्ये रेगाच्या (तिथली हवाई बचाव संस्था) हेलिकॉप्टरमध्ये डॉक्टर असतोच, मग डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या क्लाइंबरला दरवेळी जागेवरच इंट्युबेट करून (श्वासनलिकेत ट्यूब घालून) का नाही आणत? ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) तर दोन मिनिटांचं काम आहे

गॅसमन७२: ओटीत टेबल वरखाली होतं, सक्शन चालू असतं आणि मागे सर उभे असतात 😄 तिथे पेशंट उतारावर, डोकं खडकाला टेकलेलं, तू बर्फात पोटावर आडवी आणि बोटं बधिर. थंडीने ट्यूब कडक होते, घशात बघायच्या व्हिडिओ लॅरिंगोस्कोपची बॅटरी मान टाकते आणि बर्फावरच्या उन्हात स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही, मग जुन्या फोटोग्राफरसारखं डोक्यावर जॅकेट घेऊन बघायचं. त्यात ३००० मीटरच्या वर हवा आधीच विरळ, ऑक्सिजनचा सिलेंडर छोटा, त्यामुळे रिलॅक्संट (स्नायू ढिले करून श्वास थांबवणारं औषध) दिलं की सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) धाडकन खाली येतं. तोवर तो निदान स्वतः श्वास घेत होता ना! ट्यूब जमली नाही तर आयजेल (श्वासनलिकेत न जाता घशातच बसणारी नळी), नाहीतर कुशीवर वळवून जबडा पुढे धरून खाली.

कड्यावरचा_बाबू: आणि विंच (हेलिकॉप्टरमधून दोराने वर खेचणं) विसरू नका. स्ट्रेचर हवेत गरागरा फिरतं, वरून पंख्याचा वारा, सोबत माणूस लटकलेला असला तरी श्वास द्यायची बॅग दाबणं जवळपास अशक्य. तिथे ट्यूब निसटली तर काहीच करता येत नाही, म्हणून उचलायच्या आधी परत बांधायची. आत घेतल्यावरही स्टेथोस्कोप निरुपयोगी, त्या आवाजात काय ऐकणार, भरवसा फक्त कॅप्नोग्राफच्या (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) वेव्हवर. आणि केबिनमध्ये डोक्याशी जागाच नसते, परत घालायची तर बहुतेक वेळा हेलिकॉप्टर उतरवावं लागतं

भूलवाली_पीजी: ओके. आणि कफ (ट्यूबभोवतीचा हवेचा फुगा)? वर गेलं की हवा प्रसरण पावते, प्रेशर वाढतं, श्वासनलिकेला इजा होते, एवढंच लिहिलंय मी

गॅसमन७२: इथेच सगळे फसतात. तो नियम खालून वर जाणाऱ्यांचा. हा पेशंट वरून खाली येतोय! मॅटरहॉर्नच्या हर्न्ली हटवर, म्हणजे ३२६० मीटरवर कफ भरलास आणि १६०० मीटरवरच्या झरमॅटला उतरलीस तर बाहेरचा दाब वाढल्यामुळे कफ ढिला पडतो, बाजूने लीक होतो आणि उलटी झालेली असेल तर ती खाली फुप्फुसात. उतरल्या उतरल्या प्रेशर बघ, २० ते ३० सेंमी पाण्याच्या मधे हवं.

भूलवाली_पीजी: बापरे, स्लाइड उलटीच केली होती मी. आणि प्रेशर मोजायचा मॅनोमीटर म्हणाल तर आमच्याकडे एकच आहे, तोही सिस्टरांच्या कपाटात कुलपात 🙈